खडीवरचा धोंड्या

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. शहाणपणाचा एक कणही या गोष्टीत माझ्या वाट्याला येत नाही.

बहात्तरचा दुष्काळ होता. शिक्षण संपवून मी नगरच्या एका संस्थेत नुकताच लागलो होतो. दुष्काळी कामांवर माणसांना इजा कशा होतात ते विचारायचं, आणि मग त्या टाळायच्या कशा ते शिकवायचं, हे माझं काम. आदल्याच गावात विहिरीवर पाण्यावरून झालेल्या हाणामाऱ्यांची चौकशी करून आलो होतो. त्यामुळे इजा म्हटलं की मला मारामारीच दिसायची.

पारनेरकडच्या एका कामावर बायका ओळीनं बसून खडी फोडत होत्या. सुरुवातीलाच सखूबाई बसल्या होत्या. त्यांच्या कपाळाला खोक पडलेली. कशानं झालं म्हणून विचारलं.

"धोंड्यानं," त्या म्हणाल्या.

शेजारणीचं बोट चेचलेलं. तेही धोंड्यानं. तिसरीचा डोळा सुजलेला. तोही धोंड्यानंच. आता एकच माणूस इतक्या बायकांना मारतो म्हणजे काय? मी आवाज खाली आणून सखूबाईंना कारण विचारलं.

"त्याला काय कारन लागतं व्हय?"

कुणाला सांगितलं का नाही, असंही विचारलं.

"सांगून काय हुनार? रोजचंच हाय."

माझं रक्त तापलं. मी बसलो होतो दगडावर. पुढं दगड, मागं दगड. तरी मला दिसत होता तो माणूसच! शिक्षण, दुसरं काय?

तडक मुकादमाला गाठलं. धोंड्या नावाचं कुणी आहे का इथं? होता की. पाणी वाटणारा म्हातारा धोंडिबा. तो बायकांना मारतो, असं मी सांगून टाकलं. मुकादम मुळातच तापट. त्यानं धोंडिबाला बोलावलं आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून बजावलं. त्या साली काम सुटलं की चूल विझली.

धोंडिबा कळशी खाली ठेवून नुसता बघत राहिला. गुन्हा कबूल आहे असं समजून मी त्याला चांगलं लांबलचक सुनावलं. बायकांवर हात टाकणं, माणुसकी, कायदा, काही म्हणून सोडलं नाही. सगळं काम थांबलं, माणसं भोवती गोळा झाली. तेवढ्यात धोंडिबाची बायको पदर खोचत पुढं आली.

"माझ्या मालकानं कुनाला मारलं? म्होरं या म्हनावं."

मी सखूबाईंना हाताला धरूनच पुढं आणलं. म्हटलं, "घाबरू नका. मी आहे. कोणी मारलं ते सगळ्यांसमोर दाखवा."

सखूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग वाकल्या, मुठीएवढा एक दगड उचलला आणि माझ्या हातावर ठेवला.

"ह्यो बघा. ह्याला बी काढा आता कामावरनं."

पुढचं काय सांगायचं? बायका पोट धरधरून हसल्या. मी धोंडिबापुढं हात जोडले. मुकादमानं मान डोलावल्यावर धोंडिबानं कळशी उचलली आणि पुन्हा पाणी वाटायला लागला.

मी खाली मान घालून मुकादमाला म्हणालो, की आजचं शिकवणं तर राहूनच गेलं.

"कुठं राहिलं, सायेब?" तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "घटकाभर समद्यांचे हातोडे बंद हुते. तेवढ्या येळात कुनालाच लागलं न्हाई. असंच येत जा अधनंमधनं."