काकू गेरी

माझ्या काकूंना मी आयुष्यात कधीही लाथ मारलेली नाही, हे आधीच स्पष्ट करतो. जिथे हे स्पष्ट करायला हवं होतं तिथे ते जमलं नाही.

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी कराटेतल्या वरिष्ठ प्रशिक्षकाच्या परीक्षेला तिसऱ्यांदा बसलो होतो. दोनदा आपटलो होतो. तिसऱ्यांदा आपटलं की पुढची तीन वर्षं बसता येत नाही, आणि माझे गुडघे तेवढं थांबायला तयार नव्हते!

सगळ्यात भीती शेवटच्या भागाची. परीक्षकांसमोर वर्ग घ्यायचा आणि जपानी हुकूम खणखणीत द्यायचे. म्हणून महिनाभर घरातच सराव सुरू केला. नेमकी तेव्हाच सायखेड्याची मावशी दात बसवायला आमच्याकडे आली. आणि पाय गोल फिरवून मारायच्या लाथेला कराटेत म्हणतात, मावाशी गेरी!

"मावाशी!" मी हॉलमधून गरजलो.

"काय रे, हाक मारली का?" मावशी तव्यावरची भाकरी सोडून हजर.

"तुला नाही गं. लाथेला."

"मला लाथ? आता काय केलं म्या?"

दिवसातून दहादा हेच. भाकऱ्या करपायला लागल्यावर बायकोने तोडगा काढला.

"अहो, घरी दुसरं काहीतरी म्हणा. काकू म्हणा! त्या काही दिंडोरीहून ओ देणार नाहीत."

मग महिनाभर आमच्याकडे काकू गेरी दुमदुमली. मावशी निवांत, भाकऱ्या शाबूत. मीही खूश (मूर्ख माणसं लवकर खूश होतात).

परीक्षा नाशिकरोडच्या एका मंगल कार्यालयात होती. मागच्या खुर्च्यांवर बायको आणि मावशी, समोर दगडी चेहऱ्याचे मुख्य परीक्षक. वीस विद्यार्थी ओळीत उभे. सगळा जीव गोळा करून मी ओरडलो,

"काकू गेरी!"

'गेरी' म्हणजे लाथ, पण कुठली ते उमजेना, म्हणून वीसच्या वीस जण एक पाय उचलून तसेच थांबले. माझं काय चुकलं ते मला कळेना. ऐकू गेलं नसेल म्हणून आणखी जोरात ओरडलो, "काकू!!"

परीक्षक उठून माझ्यासमोर आले. आता कराटेचा रिवाज असा, की परीक्षक काहीही म्हणोत, उमेदवाराने फक्त "ओस!" म्हणायचं. म्हणजे 'होय सर'. सबबी सांगायच्या नाहीत.

"मुलांना काकूंना लाथ मारायला शिकवता?"

"ओस!"

"घरीही हेच चालतं?"

"ओस!" (हे तर खरंच होतं!)

मावशीला राहवलं नाही. ती मागून ओरडली, "सायेब, त्याची काय चूक नाय! मी लय तरास दिला, म्हणून त्यानं काकूला धरलं!"

परीक्षकांनी भुवया उंचावल्या. "म्हणजे आधी मावशी होत्या?"

"ओस!"

बायकोने पदरात तोंड लपवलं. संपलं सगळं, असं वाटून मला रडूच यायला लागलं. परीक्षक बराच वेळ कागदावर काहीतरी लिहीत राहिले. मग म्हणाले,

"पास. गुडघे वाईट आहेत, जपानी त्याहून वाईट. पण एवढं बोललो तरी एकदाही उलट उत्तर नाही, सबब नाही. असा नम्र प्रशिक्षक मी फार वर्षांनी पाहिला."

ते प्रमाणपत्र आता हॉलमध्ये लावलंय. येणारा-जाणारा माझ्या नम्रतेचं कौतुक करतो. पण भीतीने माझी वाचा बसली होती आणि तोंडातून दुसरा शब्दच फुटत नव्हता, हे अजून कुणाला सांगायची हिंमत झालेली नाही!