सारजाबाईची गुणी पोरं

सारजाबाईचं काही चांगलं झालं की उषाकाकूंच्या पोटात दुखायचं. दोघी सख्ख्या जावा. हिंजवडीजवळच्या नेऱ्यात समोरासमोर दोघींच्या खोल्या, कॉलेजच्या पोरांना भाड्यानं दिलेल्या. सारजाबाईनं जिन्याला फरशी बसवली तेव्हा उषाकाकू धड जेवल्या नव्हत्या. आता तर कहरच झाला होता. दारू महागली आणि सारजाबाईच्या फाटकाबाहेर रिकाम्या बाटल्या दिसेनाशा झाल्या. काकूंची पोरं पैसेवाल्यांची, त्यांच्या बाटल्या चालूच. गाव म्हणायला लागलं, सारजाबाईनं पोरांना वळण लावलं.

वळण कसलं डोंबलाचं! पण काकूंना ते सहन होईना. सारजाबाईच्या पोरांत बार्शीचा ओम सगळ्यांत गुणी. तिला मावशी म्हणायचा, संध्याकाळी तिच्या ओट्यावर बसायचा. काकूंनी त्याला कोपऱ्यातली गीझरवाली खोली देऊ केली, तीही कमी भाड्यात. पोरगं आलं. दुसऱ्याच दिवशी सारजाबाई दारात आली, ओमबद्दल काही सांगायचं आहे म्हणाली. काकूंनी तिला उंबराही ओलांडू दिला नाही. जळतेय मेली, असं त्यांना वाटलं, आणि फार बरं वाटलं.

ओमच्या खिडकीत खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या दिसल्या, तशा काकू त्याला अडुळशाचा काढा देऊ लागल्या. सारजाबाईला ऐकू जाईल अशा आवाजात गल्लीभर सांगायच्या, पोराला इतका खोकला, पण तिकडे कुणी विचारलं नाही.

एका दुपारी ओम दार उघडेना. कडी तोडली, तर पोरगं निपचित पडलेलं, ओठ निळे. ओरडा ऐकून सारजाबाई धावत आली. बाटल्या पाहून तिनं कपाळावर हात मारला.

"खोकला हाय गं त्याला," काकू म्हणाल्या.

"खोकला न्हाई, उषा. दारू परवडंना म्हनून पोरं हे पित्यात. ह्याचं मी सोडवत आनलं हुतं. संध्याकाळी नजरंसमोर बसवून ठेवायचे. त्येच सांगाया आले हुते तुला."

काकू रिक्षा आणायला धावल्या. रिक्षात त्यांनीच पोराचं डोकं मांडीवर घेतलं आणि हिंजवडीच्या दवाखान्यापर्यंत त्याचा हात सोडला नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, वाचला. काकू ढसाढसा रडल्या. खरंच रडल्या, त्यात खोट नव्हती.

संध्याकाळी ओमनं डोळे उघडले. काकू उशाशीच होत्या. त्या वाकल्या, तर पोरगं त्यांच्या खांद्यावरून दाराकडे बघत म्हणालं, "मावशी कुटंय?"

आणि त्या घटकेलाही, पोर जिवंत समोर असताना, उषाकाकूंना सारजाबाईचा हेवा वाटला.