जिल्ह्याचा दवाखाना

आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या रुपीबाईचा दक्षिण भारत पैनगंगेच्या पुलापासून सुरू होतो. तिचा तांडा पाटणबोरीजवळ. पुलापलीकडे तेलंगणात धाकटी बहीण जमनी, आणखी खाली कर्नाटकात मामेभावाचं बिऱ्हाड, आंध्रात नणंदेची लेक. मी वर्गात राज्यं शिकवतो आणि ती फोडणी देता देता नातेवाईक सांगते. दोघांचा नकाशा एकच.

सरकारची गंमत पाहा. हीच बंजारा माणसं नदीच्या अलीकडे विमुक्त, पलीकडे आदिवासी आणि कर्नाटकात गेली की अनुसूचित जातीत. एका आईच्या दोन लेकींना दोन वेगळे दाखले! चिडायचो मीच. रुपीबाई हसायची.

"मास्तर, कायले डोकं खपवता? जमनी आदिवासी झाली तरी तिले भाकर माह्यासारखीच लागते."

जमनीचा तांडा खानापूरकडच्या जंगलात. ती लग्न होऊन गेली तेव्हा तो आंध्रात होता, मग तेलंगणात आला. हे रुपीबाईला ठाऊक होतं, कारण गाड्यांच्या नंबरांवरची अक्षरं बदलली. पुढे मोठ्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि जमनीचा तांडा निर्मल जिल्ह्यात गेला, हे मात्र नदीच्या या बाजूला कोणी सांगायला आलं नाही. आमच्याकडे पलीकडचं सगळं आदिलाबादच. बाजार आदिलाबादचा, सोयरीक आदिलाबादची, दवाखानाही तिथलाच.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी जमनीची मुलगी वर्षा हिचा फोन आला. आईला ती याडी म्हणायची.

"मावशी, याडीले श्वास घेता येत नाही. जिल्ह्याच्या दवाखान्यात आणलं. तुह्यं नाव घेऊन राह्यली. लवकर ये."

रुपीबाईचा मुलगा भारत सकाळच्या पहिल्या गाडीनं आईला घेऊन निघाला. कुठं जायचं हे कोणाला विचारायची त्यांना गरज वाटली नाही, आणि का वाटावी? पूल ओलांडला की आदिलाबाद.

तिथल्या दवाखान्यात जमनीचं नाव सापडेना. लोकांनी मनापासून शोधलं. तेलुगूत लिहिताना नावाचं भलतंच काही झालं असेल, असं भारतला वाटलं. वर्षाचा फोन बंद; घाईत तिचा चार्जर तांड्यावर राहिला होता. मग रुपीबाई स्वतःच वॉर्डावॉर्डातून फिरली. प्रत्येक खाटेपाशी जायची, निजलेल्या बाईच्या तोंडावरचं पांघरूण हळूच सरकवून बघायची. एका म्हातारीनं तिचा हात धरून ठेवला, तर तिच्याजवळही घटकाभर बसली. जमनी इथंच कुठंतरी आहे, या खात्रीत दुपार गेली.

शेवटी वर्षानं कोणाच्या तरी फोनवरून भारतला गाठलं. "कुठं राह्यले तुमी?"

"दवाखान्यातच तर आहो."

"कोणत्या?"

निर्मलचं नाव ऐकून भारत आईला घेऊन स्टँडकडं धावला. त्याच रस्त्यानं, त्याच गाडीनं पुढे जायचं होतं, बस्स.

ते पोचले तेव्हा जमनी गेली होती.

मला या गोष्टीचा भयंकर राग येतो आणि तो कोणावर काढावा हे कळत नाही. माणसांना दवाखाना जवळ पडावा म्हणूनच तर जिल्हे लहान करतात. जमनीला तो जवळ पडलाही. वर्षा खोटं बोलली नव्हती, आदिलाबादच्या लोकांनी हयगय केली नव्हती. तरी एक बहीण वाट पाहत मेली.

वर्षानं मावशीला सगळं सांगितलं. "सकाळी मले म्हणे, बाई येऊन राह्यली, मले बसतं कर." थोरल्या बहिणीला जमनी बाईच म्हणायची.

बंजारा बहिणी बऱ्याच दिवसांनी भेटल्या की एकमेकींच्या गळ्यात पडून सुरात रडतात. कोण गेलं, कोण आजारी, काय सोसलं, सगळं त्या रडण्यातूनच सांगतात. निजल्या निजल्या ते होत नाही. म्हणून वर्षानं पाठीशी उशा लावून आईला बसवलं होतं. धाप लागली तरी जमनी आडवी व्हायला तयार नव्हती. निजवायला गेलं की हात झटकायची आणि पुन्हा दाराकडं बघायची.

रुपीबाईनं ऐकून घेतलं. बराच वेळ ती जमनीच्या पायांवरून हात फिरवत राहिली.

"वर्षे," ती म्हणाली, "मी तिकडं निजलेल्या बाया पाहून राह्यलती. अन् माही जमनी बसून होती."