भुऱ्याची कातडी आणि साजवाले चाचा

अख्ख्या पुण्यात माणसाच्या चेहऱ्याकडे न बघता थेट त्याच्या कातडीशी ओळख करून घेणारा एकच माणूस होऊन गेला, आणि ते म्हणजे आमचे साजवाले चाचा. मंडईच्या मागच्या एका गल्लीत त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक ओटा, एक दिवा आणि भिंतीभर लटकलेले टांग्याच्या घोड्यांचे साज: लगाम, पट्टे, खोगिरं. तिथं जो जाईल त्याचा हात ते आधी हातात घेत, मनगटाच्या वरची कातडी दोन बोटांच्या चिमटीत धरून उचलत आणि सोडत. ती कशी खाली बसते ते बघून मग, कोण आपण, काय काम काढलंत. मी शनिवार पेठेत एका बुकबाइंडिंगच्या दुकानात कामाला होतो. जाड ग्रंथांच्या पाठीला लावायला चामड्याचे तुकडे लागत, ते आणायला मालकांनी मला पहिल्यांदा चाचांकडे पाठवलं, तेव्हा माझाही हात असाच पकडला गेला. "कोरडं," चाचा म्हणाले. "पाणी पीत नाहीस. आणि घरची काळजी करतोस." मी हबकलोच. माझं गाव भंडाऱ्याच्या पलीकडे, पुण्यापासून दीड दिवसाच्या वाटेवर. सातवीनंतर शाळा सुटली आणि चार ठिकाणी भटकून मी इथवर आलो होतो. हे सगळं यांना हाताच्या कातडीत कसं दिसलं? परमुलखात एकट्या राहणाऱ्या कुणालाही हे वाक्य लागू पडलं असतं, हे कळायला मला पुढं कितीतरी वर्षं लागली. त्या दिवशी मात्र मी चामडं घेऊन परतताना वाटेतल्या नळावर थांबून पोटभर पाणी प्यालो.

चाचांच्या घरात तीन पिढ्या साज शिवण्याचंच काम. त्यामुळे त्यांचं सगळं आयुष्य घोड्यांच्या बरोबरीनं गेलेलं, आणि त्याचा परिणाम त्यांच्या बोलण्यावर झालेला. माणूस कितीही मोठा असो, चाचा त्याला दुसऱ्या वाक्याला 'तू'वर आणत. घोड्याला मात्र कायम अहो-जाहो. "अहो, जरा मान खाली घेता का? पट्टा कुठं काचतोय आपल्याला?" असं ते घोड्याच्या कानाशी विचारत, आणि त्याच दमात टांगेवाल्याला म्हणत, "तू गप रे. तुला कोण विचारतंय?" एकदा एका टांगेवाल्यानं धीर करून याचं कारण विचारलं. चाचा आरीनं भोक पाडता पाडता म्हणाले, "तुला राग आला तर तू बोलशील. ह्यांना आला तर हे लाथ मारतील. आदर कोणाचा करू, तूच सांग."

दुसरी सवय तेल पाजण्याची. चामडं म्हटलं की त्याला तेल पाजलंच पाहिजे, हा त्यांचा धर्माखालोखालचा नियम. शुक्रवारी नमाजाहून आले की ते स्वतःच्या चपला, शेजाऱ्याच्या चपला आणि ओट्यासमोर कुणी चुकून काढून ठेवलेल्या चपला अशा ओळीनं तेल लावून ठेवत. गिऱ्हाईक ओट्यावर टेकलं तर ते उठेपर्यंत त्याच्या कमरेचा पट्टा मऊ झालेला असे. गल्लीतल्या पोरांनी एकदा शिवण उसवलेला क्रिकेटचा चेंडू दुरुस्तीला दिला. चाचांनी तो शिवला आणि मायेनं रात्रभर तेलात ठेवला. पुढं आठवडाभर त्या गल्लीत कोणाला एक झेल घेता आला नाही. पोरं भांडायला आली तर म्हणाले, "चेंडू शंभर वर्षं टिकेल. हातांची जबाबदारी माझी नाही."

अशा माणसाकडे मी माझा कुत्रा घेऊन गेलो, त्याची ही गोष्ट.

भुऱ्या माझ्याकडे आला तो माझ्या पुण्यातल्या पहिल्याच आठवड्यात. आला म्हणजे मागोमाग चालत आला आणि राहिला. या शहरात मला ओळखणारा तो पहिला जीव, म्हणून मला त्याचं फार अप्रूप होतं. माझी खोली तिथंच शनिवार पेठेत, एका निवृत्त गणिताच्या बाईंच्या घरात, माडीवर. बाईंना मी मालकीणबाई म्हणे आणि त्या मला "अहो वरचे" म्हणत. पहिली दोन वर्षं सगळं नीट चाललं. तिसऱ्या थंडीत भुऱ्या खाजवायला लागला. अंगावर कोंडा, पोटाजवळची कातडी पापुद्र्यासारखी सुटलेली, शेपटीच्या मुळाशी केस जाऊन रुपयाएवढे ठिपके पडलेले. माडीची जमीन लाकडी. तो मागच्या पायानं खाजवायला लागला की पाय फळीवर आपटे आणि खाली मालकीणबाईंच्या डोक्यावर नगारा वाजे. एके दिवशी त्या जिन्याच्या तोंडाशी येऊन म्हणाल्या, "अहो वरचे, काल दुपारी दोन ते चार या वेळात आपल्या कुत्र्याने तीनशे बारा वेळा खाजवलं. मी मोजलंय. ही खरूज आहे. ती उद्या तुम्हाला होईल, परवा मला. संक्रांतीपर्यंत बरा झाला तर ठीक, नाही तर कुत्रा जाईल. आणि कुत्र्याला एकटं वाटत असेल तर आपणही सोबत जाऊ शकता."

भुऱ्याला सोडायचं तर कुठं, आणि खोली सोडायची तर त्याला घेऊन जायचं कुठं? कुत्र्यासकट भाडेकरू ठेवणारं दुसरं घर पुण्यात असेल असं मला वाटत नव्हतं. मी माझ्या बुद्धीनं उपाय सुरू केला. खरूज म्हणजे घाण, आणि घाण म्हणजे साबण. रोज सकाळी कपड्यांच्या पिवळ्या साबणाच्या वडीनं मी भुऱ्याला घासघासून धुवायला लागलो. तो थंडीनं कुडकुडे आणि माझ्याकडे असा बघे, की मी त्याचा काय गुन्हा केला ते मलाच कळू नये. आंघोळीनंतर दुप्पट खाजवी. म्हणून मी दुसऱ्या दिवशी दुप्पट साबण लावी. आठ दिवसांत ठिपक्यांचे पट्टे झाले. शेवटी, चामडं आणायला जायचं निमित्त करून, मी त्याला दोरी बांधून चाचांच्या ओट्यावर नेलं.

चाचांनी चिमटी धरली, भुऱ्याची कातडी उचलली, सोडली, मग खाली वाकून तिला चक्क कान लावला. "चामडं कोरडं पडलं की करकरतं," त्यांनी मला सांगितलं आणि भुऱ्याला म्हणाले, "अहो भुरेराव, आपली ही दशा कोणी केली?" भुऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. चाचांनी आतून एक डबा आणला. त्यात त्यांच्या आजोबांच्या कृतीचा लेप होता: चरबी, मेण, जवसाचं तेल आणि काजळी. या लेपानं म्हणे पन्नास वर्षांपूर्वीची खोगिरं अजून जिवंत होती. त्यांनी तो कोमट केला आणि भुऱ्याला नाकापासून शेपटीपर्यंत, कानांच्या आतल्या कडा सोडून, मन लावून चोळला. वर फडकं मारून चमक काढली. मलाही ते बघून इतकं बरं वाटलं, की काजळीचं काय होणार हा विचार दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

घरी पोचलो तर मालकीणबाई अंगणात वाळवण राखत बसलेल्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा डोळ्यांवर घेतला. "अहो वरचे," त्या म्हणाल्या, "एक कमी करायला सांगितला, तर आपण दुसरा आणलात?" मी म्हणालो, "नाही हो बाई, हा भुऱ्याच आहे." "भुऱ्या भुरा होता. हा काळा आहे. मी गणित शिकवलंय, रंग मला कळतात." एवढ्यात हा दुसरा कुत्रा पहिल्यासारखाच शेपूट हलवत त्यांच्याकडे गेला आणि त्यांच्या पांढऱ्या नऊवारीला अंग घासून ओळख पटवून आला.

त्या साडीवरचा डाग मी तीन वेळा धुतला. भुऱ्याला चार वेळा धुवावं लागलं. डाग निम्मा गेला आणि भुऱ्याची कातडी निम्मी राहिली. दुसऱ्या दिवशी त्याला तसाच घेऊन मी चाचांकडे गेलो. रागवावं इतकी माझी हिंमत नव्हती, पण डोळ्यांत पाणी आलं. म्हणालो, "चाचा, संक्रांतीला तीन आठवडे राहिलेत." चाचा भुऱ्याच्या अंगावरून पालथा हात फिरवत बसले. मग म्हणाले, "चूक झाली. माझ्या हाताला आयुष्यभर मेलेलं चामडं ठाऊक. त्याला बाहेरून पाजावं लागतं. हे जिवंत आहे. हे आतून पितं." आणि भुऱ्यापुढे मान झुकवून, "माफी असावी आपली," म्हणाले. माणसाची माफी मागताना त्यांना कुणी ऐकलं नव्हतं.

त्याच पावली त्यांनी फळी टाकून दुकान बंद केलं आणि एका ओळखीच्या टांग्यातून आम्ही जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेलो. टांग्यात पुढची जागा भुऱ्याला, मागची आम्हाला. डॉक्टरांनी कातडी खरवडून काचेवर घेतली, आत जाऊन तपासून आले आणि म्हणाले, "खरूज नाही. पिसवा नाहीत. कातडी कोरडी पडलीय, बस. थंडी आहेच, पण आंघोळ किती दिवसांनी घालता?" मी अभिमानानं म्हणालो, "रोज. साबण लावून." चाचांनी माझा हात धरला, चिमटी घेतली आणि डॉक्टरांना म्हणाले, "स्वतःला घालत नाही हो इतकी." मग डॉक्टरांनी काय करायचं ते सांगितलं: साबण बंद, महिन्यातून एखादी आंघोळ, तीही साध्या कोमट पाण्याची. रोज केस विंचरायचे, पाणी भरपूर, खाण्यात थोडी अंडी-मासळी. निघताना चाचा दारात अडून बसले. "लिहून दे," म्हणाले. "याची घरमालकीण गणिताची आहे. तोंडी उत्तर चालायचं नाही."

चिठ्ठी वाचून मालकीणबाईंनी तिची घडी घातली आणि म्हणाल्या, "ठीक. खरूज नाही. पण खाजवणं हे खाजवणंच. मुदत बदलणार नाही." मासळीचं नाव त्या घरात काढणं शक्यच नव्हतं. तेव्हा चाचांनी भुऱ्याचं दुपारचं जेवण आपल्याकडे लावून घेतलं. मंडईच्या बाजूनं बिनमिठाची सुकट आणून ते स्वतः उकडायचे, पाणी निवू द्यायचे, भातात कालवायचे. चौथ्या दिवसापासून भुऱ्या दुपारी बाराला एकटाच शनिवार पेठेतून मंडईकडे निघायला लागला, कचेरीला निघाल्यासारखा, इकडेतिकडे न बघता. जेवण झालं की खरारा. घोड्याचं अंग साफ करायचा तो जुना ब्रश चाचांनी खास मऊ निवडला होता. मानेपासून मागे, केसांच्या कलानं, न दाबता. "घाई करू नये," ते मला शिकवत. "तेल ह्यांच्या अंगातच आहे. आपण फक्त ते शेवटच्या केसापर्यंत पोचवायचं." भुऱ्या डोळे मिटून उभा राही. मी त्याला गोणपाटावर निजवतो हे ऐकून चाचा खरोखर चिडले. "तू नीज एक दिवस गोणपाटावर," म्हणाले आणि एका म्हाताऱ्या घोड्याची सुती झूल उसवून तिची दुपदरी गादी शिवून दिली. तिच्या कडेला लाल गोंडे तसेच ठेवले होते.

रोज ते चिमटी घेत आणि रोज जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभा राही. त्या तीन आठवड्यांत माझं बांधणीचं काम इतकं वाकडं झालं, की मालकांनी एका ग्रंथाची पाठ पोटाकडे लावलेली पकडली. पहिला आठवडा काही नाही. दुसऱ्यात कोंडा कमी झाला. तिसऱ्यात ठिपक्यांवर कोवळ्या भेंडीवर असते तशी बारीक लव आली. ती बोटाला लागली तेव्हा मी ओट्यावर बसूनच राहिलो.

संक्रांतीच्या सकाळी चाचा आमच्या जिन्याशी हजर झाले. स्वच्छ टोपी, धुतलेला सदरा. मालकीणबाई बाहेर आल्या. चाचांनी भुऱ्याला पुढे केलं आणि बाईंशी मात्र, काय वाटलं कोण जाणे, घोड्यांच्या भाषेत बोलले. "आपण स्वतः बघावं. अशी चिमटी घ्यायची, उचलायची, सोडायची." मालकीणबाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पदर खोचला, मग दोन वर्षांत पहिल्यांदा भुऱ्याला हात लावला. कातडी उचलली, सोडली. ती झटकन जागेवर बसली. त्यांनी पुन्हा उचलली. पुन्हा बसली. तिसऱ्यांदा त्या उचलायला गेल्या ते तपासायला नव्हे, हे आम्हा दोघांनाही दिसलं. "काल दुपारी दोन ते चार," त्या ताठ होत म्हणाल्या, "फक्त सहा वेळा. राहू दे. पण जिन्यात बसायचं नाही." मग आत जाऊन तिळगूळ घेऊन आल्या. आम्हाला एकेक वडी दिली. भुऱ्याला अर्धी.

मी चाचांना म्हणालो, आता याला तुमच्या हातचा एक पट्टा शिवून द्या. त्यांनी मान हलवली. "बरी झालेल्या कातडीवर पुन्हा कातडं कशाला? ज्यांना ओढायचं असतं त्यांच्यासाठी साज. ह्यांना काय ओढायचंय?" मला त्या दिवशी त्यांच्यासाठी काहीतरी करावंसं वाटत होतं आणि काय करावं ते कळत नव्हतं. म्हणून मी त्यांचाच हात धरला आणि पहिल्यांदा त्यांची चिमटी घेतली. कातडी उचलली, सोडली. ती तशीच वर उभी राहिली, लहानशा तंबूसारखी, आणि हळूहळू, फार हळूहळू खाली आली. चाचा हसले. "हे चामडं आता पिणार नाही," म्हणाले. मी ऐकलं नाही. खोलीतून खोबरेलाची बाटली आणली आणि जिन्याच्या पायरीवर बसून त्यांच्या आरीनं सोललेल्या बोटांना, एकेका भेगेला, घाई न करता तेल लावलं. एक हात झाल्यावर त्यांनी दुसरा आपणहून पुढे केला. भुऱ्यानं तेवढ्यात जिन्यात बसून घेतलं. आतून मालकीणबाई काही बोलल्या नाहीत.

पुढं टांगे गेले, ओट्यावर स्टीलच्या भांड्यांचं दुकान आलं, चाचा गेले, आणि भुऱ्या त्याच्या वयाला शोभेल अशा शांतपणे त्या लाल गोंड्यांच्या गादीवर गेला. शेवटच्या दिवसापर्यंत त्याचं अंग मऊ होतं, हे मी सांगितलं पाहिजे. खरारा माझ्याकडे आहे. गावाहून नवं कुणी पुण्यात कामाला येतं आणि बावरलेल्या तोंडानं माझ्या दारात उभं राहतं, तेव्हा माझा हात आपोआप त्याच्या मनगटाकडे जातो. चिमटी सोडून मी म्हणतो, पाणी पीत नाहीस, आणि घरची काळजी करतोस. ते माझ्याकडे तसंच बघत राहतं, डोळे मोठे करून. मग मी त्याला आत घेतो आणि आधी तांब्याभर पाणी देतो.