सरळ केलेला आवाज

इस्पितळाच्या धुलाईघरात तिला आम्ही सगळ्या भोंगा म्हणतो. चादरी दाबणाऱ्या रोलरच्या घरघरीला पुरून उरेल असा दुसरा आवाज तिथे नाही. मुकादमाने एकदा गाण्यावरून दम भरला, तर तिने त्याच्यावरच गाणं रचलं, आणि तो पठ्ठ्या दाराआड उभा राहून ते शेवटपर्यंत ऐकून गेला. वरच्या सुराला तिचा आवाज फाटतो. वर्षानुवर्षं वाफेत राहून घसा घासलाय, त्याला ती काय करणार? पण तो फाटतो ना, नेमका तिथेच आमच्या अंगावर काटा येतो. शिकल्यासवरल्यांना त्यात दोष दिसतो. दिसो.

आईवडील गेल्यावर धाकट्या भावाला तिनेच वाढवलं. गिटार तिने घेऊन दिली, सूर तिने कानात घातला. आता तो मागच्या खोलीत भिंतींना गाद्या टेकवून रेकॉर्डिंग करतो. त्यानेच तिचं गाणं एका संगीत परिषदेला पाठवलं. तिथे कंपन्यांची माणसं येतात, नवे गाणारे हेरतात. कुठल्याच कंपनीची नसलेली, आपली आपण गाणारी माणसंही घेतात म्हणे. भोंग्याची निवड झाली. मंचावर एक गाणं!

तयारी सुरू झाली. भाऊ मास्तर झाला.

"ताई, एका वाक्यात सांग, तू कोण?"

"तुझी बहीण, गाढवा."

"तिथे असं नाही चालत. गायिका आणि गीतकार म्हणायचं."

"आणि चादरी दाबते ते?"

"ते मी सांगीन. लोकांना आवडतं तसलं."

गाण्याची तालीम तर त्याहून कडक. इथेच श्वास घे, इथेच मान वळव, ही ओळ केसभरही लांबवू नकोस. रोज हुबेहूब तेच. तिचा जीव घुसमटायचा, पण मोठ्या ठिकाणची शिस्त असेल बाबा, असं म्हणून ती निमूट करायची. रोलरपाशी उभ्या उभ्यासुद्धा मान वळवून बघायची. आम्ही खूप हसायचो.

मग इंटरनेटवर परिषदेच्या पानावर तिचा फोटो आला, खाली गाणं. "थोडं साफ करून पाठवतो," एवढंच भाऊ तेव्हा बोलला होता. पाठवलेलं तिने ऐकलंच नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत तिने फोन मधोमध ठेवला आणि ऐटीत लावला. रोज तिच्यासमोर चादरीचं दुसरं टोक धरणारी मावशी डबा बाजूला सारून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "गोड आहे गं पोरगी. आता तुझं लाव."

कुणी हसलं नाही. भोंग्याने फोन उलटा करून ठेवला.

घरी गेली ती चप्पलसुद्धा न काढता थेट मागच्या खोलीत.

"ही कोण गातेय?"

"तूच. सूर फक्त कॉम्प्युटरवर सरळ केलेत. सगळेच करतात, ताई."

"आणि तिथे उभी राहून ही सरळ बाई कुठून आणू मी?"

तो तारांशी चाळा करत बसला. मग हळूच म्हणाला, "माइक बंद असेल. गाणं मी लावीन. तू नुसते ओठ हलव. आता अगदी बरोबर बसलंय तुझं."

बसलंय! म्हणजे इतके दिवस चालली होती ती गाण्याची तालीम नव्हतीच. तिच्याच गाण्यावर ओठ हलवणारी बाहुली बनवत होता तिला, आणि ती मानत होती शिस्त. परक्याने फसवलं असतं तर आम्ही त्याच्या दारात ठाण मांडून बसलो असतो, घसा सुकेपर्यंत घोषणा दिल्या असत्या. आपण भरवलेल्या पोराविरुद्ध कुठला मोर्चा काढायचा?

भोंगा रडली नाही. दुसऱ्या दिवशी चालू रोलरशेजारी उभी राहून तेच गाणं फोनमध्ये गायली आणि ते तिने परिषदेला पाठवून दिलं: माझा आवाज हा आहे, तो नाही.

तिथल्या बाईंचा फोन आला. मऊ बोलत होत्या. "वेगळंच आहे हो तुमचं. पण निवड त्या आवाजाची झालीय. तसं गाता येईल?"

"नाही."

"मग अवघड आहे. पण तुमचे भाऊ येताहेत ना, आपलं रेकॉर्डिंगचं काम दाखवायला. कालच ठरलं. दोन्ही ऐकवणार आहेत, मूळचा आवाज आणि त्यांनी घडवलेला. फार सफाईचं काम आहे त्यांचं."

हे तिला परक्या बाईकडून कळलं.

"माझं गाणं तिथे वाजवायचं नाही," तिने त्याला बजावलं.

"ताई, एकदाच. माझं नशीब उघडतंय गं."

"माझा घसा दाखवून?"

तो शर्टांची घडी घालत राहिला.

निघायच्या सकाळी पिशवी खांद्याला लावून तो दारात घुटमळला. ती चुलीकडे तोंड करून उभी होती.

"ताई, येतो."

"जा," ती म्हणाली.