मिस्त्रीने आवळलेली वायर

मिस्त्रीच्या कामात वायर लोंबत नसे. दुसरीकडून आलेल्या गाडीचं बॉनेट उघडलं की आत पाखराचं घरटं दिसायचं. ह्याच्या हाताखालून गेलेल्या गाडीत वायरी भांग पाडल्यासारख्या बसलेल्या असत. मध्ये मध्ये प्लॅस्टिकचे काळे टाय, त्यांच्या शेपट्या मुळापाशी कापलेल्या. गिऱ्हाईक बघो न बघो, तो तसंच करायचा. झाकणाखालचं काम म्हणून जो उरकतो तो कामगार नव्हे, असं त्याचं मत होतं.

शाळा अर्ध्यावर सोडून त्याने डिझेलमध्ये हात घातला, तो केस पांढरे झाले तरी बाहेर काढला नव्हता. नव्या गाड्या आल्या, इंजिनाला सेन्सर लागले, तेव्हा त्याच्या वयाच्या मिस्त्र्यांनी हात टेकले. ह्याने स्कॅनर घेतला आणि चष्मा कपाळावरून नाकावर ओढून स्वतःच शिकला. तो ‘गाडी ठीक आहे’ म्हणाला की ती ठीक असायची. त्याच्या शब्दावर लोक विसंबत.

ह्याच शब्दाने त्याच्या मेहुण्याची नोकरी गेली.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. काचेच्या दुकानात डिझेल पिकअपवर ड्रायव्हर होता. नोकरी मिस्त्रीनेच लावून दिली होती, कारण दुकानाची गाडी त्याच्याच गॅरेजमध्ये येई. मेहुणा बोलघेवडा, पण स्टीअरिंगवर बसला की गप्प. मागे लाकडी घोडीला टेकवून उभ्या काचा, आणि हा गाडी अशी न्यायचा की जणू आत तान्हं मूल झोपलंय.

एक दिवस तो गॅरेजमध्ये आला. “भाऊजी, गाडी मध्येच जीव सोडते. पिवळा दिवा लागतो, दम जातो. बंद करून चालू केली की पुन्हा शहाण्यासारखी.”

“कुठे?”

“दवाखान्याच्या चढावर. माल भरलेला असला, पहिल्या गिअरला जोर दिला की मरते.”

मिस्त्रीने स्कॅनर लावला. डिझेलचा दाब मोजणाऱ्या सेन्सरकडे स्कॅनरने बोट दाखवलं. मिस्त्रीने सेन्सर बदलला आणि रिकामी गाडी घेऊन बाजाराला वळसा घालून आला. काही झालं नाही. थोड्या दिवसांनी मेहुणा पुन्हा तीच रड घेऊन हजर. मिस्त्रीने फिल्टर बदलला, पंप तपासला, सेन्सरचं सॉकेट हलवून हलवून पाहिलं. दर वेळी गाडी स्वतः चालवली. दर वेळी रिकामी, आणि सपाट रस्त्यावर. गाडी सुतासारखी सरळ.

“माझ्यापुढे का नाही मरत ती?”

“हेडमास्तर वर्गात आले की पोरं कशी गप्प बसतात, तसं आहे ते. एकदा माझ्याबरोबर चला, भाऊजी. माल भरून.”

“मला दुसरे धंदे नाहीत का?” मिस्त्री म्हणाला.

मग आरसे तडकले. एका सलूनसाठी कापलेले मोठे आरसे होते. चढावर गाडीचा दम गेला, ती मागे सरकली, मेहुण्याने ब्रेक दाबला. कोणाला खरचटलंसुद्धा नाही, पण आरसे घोडीवरच फुटले. दुकानाचा मालक, शेठ, तडक गॅरेजमध्ये आला.

“मिस्त्री, मेहुणा आहे हे जरा बाजूला ठेवा. गाडीत दोष आहे का नाही, खरं सांगा.”

मिस्त्री हात पुसत होता. ‘सापडला नाही’ असं म्हणता आलं असतं. तेच खरं होतं. पण एवढ्या वर्षांत ते वाक्य गिऱ्हाइकापुढे त्याच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. शिवाय नात्यातल्या माणसाला पाठीशी घातलं, असंही कोणी म्हणायला नको होतं.

“गाडीत काही नाही,” तो म्हणाला. “नाचता येईना, अंगण वाकडं.”

त्याच संध्याकाळी शेठने मेहुण्याकडून किल्ली काढून घेतली. आरसे फोडणाऱ्या ड्रायव्हरला दुसरीकडे कोण उभं करणार? तो सिमेंटच्या गोदामात गोणी उतरवायला लागला.

मिस्त्रीची बायको घरी शिलाई करायची. तिने सुई ओवता ओवता विचारलं, “त्याचंच चुकलं, हे नक्की ना?”

“स्कॅनर खोटं बोलत नाही,” मिस्त्री म्हणाला.

तिने मान हलवली. त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही. सुट्टीच्या दिवशी मेहुणा चहाला यायचा, ते मात्र बंद झालं.

काही महिने गेले, आणि शेठचा फोन आला. “मिस्त्री, नवा ड्रायव्हर इतके दिवस फेरा मारून सपाटीने जायचा. आज दवाखान्याच्या चढाने गेला, तर तोही अडकला. का ह्यालाही नाचता येत नाही?”

हातातला पाना मिस्त्रीने जागेवर ठेवला नाही, तिथेच टाकला आणि स्कूटर काढून गोदामावर गेला.

मेहुणा ट्रकमधून गोणी उतरवत होता. डोक्यावर दुमडलेलं पोतं, भुवयांवर सिमेंट. मिस्त्रीला बघून त्याने खांद्यावरची गोणी आधी नीट थप्पीला लावली, मग कंबर धरून सरळ झाला.

“कोणाची गाडी बंद पडली?”

“तुझी.”

“माझी कुठली आता?”

“मला चालवून दाखव. तू चालवायचास तशी. माल भरून.”

मेहुण्याने त्याच्याकडे पाहिलं. “दुसरे धंदे नाहीत वाटतं आज?” तो म्हणाला, आणि मुकादमाला सांगायला गेला.

दुकानात नव्या ड्रायव्हरने काचा चढवल्या. पोक्त, अबोल माणूस होता. मेहुण्याने प्रत्येक दोरी स्वतः ओढून पाहिली आणि मगच तो गाडीत बसला. मिस्त्री शेजारी, स्कॅनर मांडीवर. चढाच्या मध्यावर पुढची रिक्षा थांबली, म्हणून ह्यांनाही थांबावं लागलं. मेहुण्याने पहिला गिअर टाकला. मिस्त्रीला आयुष्यभर इंजिन ऐकायची सवय. आज त्याने मेहुण्याचा पाय पाहिला. क्लच इतका हलका सुटला की मागची एक काच वाजली नाही. दाबाचा आकडा चढत होता. चढता चढता तो एकदम तळाला कोसळला. पिवळा दिवा लागला, दम गेला. मेहुण्याने गाडी तसूभरही मागे सरकू न देता धरली, हँडब्रेक ओढला आणि मागच्या चाकाला दगड लावायला उतरला.

“दिसलं?” त्याने खिडकीतून विचारलं.

दिसलं होतं. डिझेलचा दाब पापणी लवायच्या आत असा नाहीसा होत नाही, तो उतरतो. असा कोसळतो तो वायर तुटल्यावर. मिस्त्रीने गाडी बंद करून पुन्हा चालू केली, स्कॅनर दिसेल असा ठेवला आणि बॉनेट उघडलं. सेन्सरपासून वायर धरून बोट मागे मागे नेलं. वायर इंजिनावरून बॉडीवर येते तिथे बोट थांबलं. तिथे टायची जोडी होती, एक इंजिनाच्या बाजूला, एक बॉडीच्या. मधली वायर ताणलेल्या दोरीसारखी ताठ. शेपट्या मुळापाशी कापलेल्या.

हा त्रास सुरू व्हायच्या आधी त्याने गाडीच्या क्लचचं काम केलं, तेव्हा वायर धरणारी कंपनीची क्लिप तुटली होती. त्याच्याच हाताने तुटली होती, आणि त्यानेच वायर अशी टापटीप आवळली होती. इंजिन रबरावर बसलेलं असतं. ओझं घेऊन चढाला भिडलं की ते एका अंगाला कलतं. बॉडी कलत नाही. मधल्या वायरीला तेवढी ढील लागते, हे पहिल्या महिन्यात शिकवतात. त्याने वायर बोटाने ओढली, आकडा गेला. सोडली, आकडा आला. वरचं आवरण शाबूत, आतलं तांबं तुटलेलं. सपाटीला टोकाला टोक टेकत होतं, चढाला सुटत होतं. त्या गाडीतलं एकेक सॉकेट त्याने तपासलं होतं. ही जागा तेवढी तपासली नव्हती, कारण ती त्याच्या हातची होती.

मेहुणा अजून मागच्या चाकापाशी होता. मिस्त्रीने इंजिन बंद केलं, टाय कापून खिशात टाकले, तुटका भाग काढून ढील ठेवून नवा तुकडा जोडला.

“काय निघालं, भाऊजी?”

“वायर. आतून तुटली होती. होतं असं.”

“म्हणजे माझा पाय नव्हता ना?”

“नव्हता.”

मेहुण्याने बाहीने तोंड पुसलं. गाडी पहिल्या गिअरला चढ सरळ चढून गेली. “काढलंत शेवटी तुम्हीच,” तो म्हणाला. “दुसऱ्या कोणाच्या बापाला सापडलं नसतं.” दुकानापर्यंत तो बोलत राहिला, कितीतरी दिवसांचं साठलेलं. मिस्त्रीचा हात खिशात होता. टायची कापलेली टोकं बोटाला टोचत होती.

दुकानात शेठने चहा मागवला. “वा, मिस्त्री! म्हणून तर गाडी दुसरीकडे नेत नाही मी.”

मिस्त्रीने कप घेतला नाही. त्याने टाय काढून काउंटरच्या काचेवर ठेवले. “हे मी बांधले होते. ह्यांच्यामुळे वायर तुटली. चूक माझी, ह्याची नव्हती.”

शेठने टाय बाजूला सारले. “असू द्या हो. तुमच्या हातून कधी नव्हे ते...”

“असू द्या कसं? तुम्ही विचारलंत तेव्हा मला दोष सापडला नव्हता. सापडला नाही म्हणायचं सोडून मी ह्याला पुढे केलं.”

मेहुण्याने एक टाय उचलून उजेडात धरला. “तरीच. शेपूट बघा किती छान कापलंय.”

शेठ मेहुण्याकडे वळला. “मग उद्यापासून ये तू. किल्ली तुझी.”

दाराशी नव्या ड्रायव्हरने चहा अर्धाच पिऊन कप खाली ठेवला. मेहुण्याने ते पाहिलं.

“आणि ह्यांनी काय केलं, शेठ? नको. मला जसं घालवलंत तसं माझ्यासाठी दुसऱ्याला नका घालवू.”

बाहेर मिस्त्रीने स्कूटर वळवली. “बस. सोडतो गोदामापर्यंत.”

“चालतो मी.” मेहुणा दोन पावलं गेला आणि थांबला. “भाऊजी, नोकरीचं जाऊ द्या. तुम्ही म्हणालात ना, दुसरे धंदे नाहीत का, ते फार लागलं होतं.”

संध्याकाळी मिस्त्रीने बायकोला सगळं सांगितलं, खिशात टाय लपवले तेसुद्धा. तिचा पाय शिलाई मशीनवर थांबला.

“किल्ली गेली त्या आठवड्यात तो आला होता इथे,” ती म्हणाली. “तुम्ही गॅरेजात होतात. म्हणाला, ताई, शपथ घेऊन सांगतो, माझं चुकलं नाही. मी काय म्हटलं असेल? स्कॅनर खोटं बोलत नाही. स्कॅनर कशाशी खातात हे तरी ठाऊक होतं का मला? तुमचं वाक्य उचललं आणि त्याच्या तोंडावर मारलं. पाणीही न पिता गेला तो.”

ती उठली, कापडाची घडी केली, चपला घातल्या.

“थांब, मी येतो,” मिस्त्री म्हणाला.

“नको. तुमचं तुम्ही दुकानात बोललात. माझं मला बोलू द्या.”

दुसऱ्या दिवसापासून मिस्त्री गॅरेज उघडायच्या आधी गाड्यांच्या मालकांकडे जायला लागला. ड्रायव्हर पाहिजे का, असं विचारायचा. लोक म्हणायचे, “मेहुणा ना तुमचा? आरसे फोडले तोच?” मग मिस्त्री खिशातून टाय काढून पहिल्यापासून सांगायचा. प्रत्येक दारात जीभ जड व्हायची. तरी कुठल्याच दारात त्याने ते अर्ध्यावर सोडलं नाही. लोक ऐकून घेतात, बघू म्हणतात. काहींनी आपल्या गाड्याही दुसरीकडे नेल्या.

गोणी अजून मेहुण्याच्याच पाठीवर आहेत.