गरिबीचा दाखला

माझा आतेभाऊ परदेशी बोटीवर आगवाला होता, बॉयलरच्या भट्टीत कोळसा ओढणारा. साठ सालाच्या आसपास एका चैत्रात तो सुट्टीवर आला, तो पोटावर शिवण घेऊनच. इंग्लंडच्या कुठल्याशा बंदरात त्याचं अपेंडिक्स काढलं होतं. वाचनालयाच्या पडवीत मंडळींनी त्याला घेरलं.

"खर्च किती इलो रे?"

"कायच नाय. कोणी इचारूकच नाय. शेजारच्या खाटेर एक गोरो सायब होतो, तोपण माझ्यासारखीच पेज पी होतो."

"आणि तू काय दिलंस?" आमच्याकडे डॉक्टरला फी वेगळी आणि शहाळी वेगळी.

"नर्सबायक कोकमाची सोलां दिलंय. तिणी वास घेतल्यान आणि परत दिल्यान."

हसू ओसरल्यावर मी उभा राहिलो. मी हायस्कुलात मास्तर, चार इंग्रजी पुस्तकं वाचलेला. मला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. सुधारलेल्या देशात उपचार हा हक्क असतो, दया नव्हे, असं मी सांगितलं. अमेरिकेत मात्र आधी विम्याचा कागद बघतात आणि मग नाडी, हेही सांगितलं. मंडळींनी माना डोलावल्या. घरी आलो तेव्हा आई चाचपडत दिवा लावत होती.

तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. खाडीपलीकडच्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन फुकट होत असे, फक्त सरपंचाच्या सहीचा गरिबीचा दाखला लागे. माझ्या पगाराकडे पाहून तो कुणीही दिला असता. पण सरपंच म्हणजे काल-परवापर्यंत आमचं कूळ. वडील ज्याला अंगणातच उभा ठेवीत, त्याच्याकडून मी गरीब असल्याचं लिहून घ्यायचं होतं. मी आईला म्हणालो, "दिवाळीनंतर मिरजेला मोठ्या डॉक्टरकडे नेतो." मिरजेचा खर्च मला झेपणारा नव्हता, हे आम्हां दोघांनाही माहीत होतं.

"तुझो भाव विलायतेत फुकट पोट फाडून घेवन इलो," आई म्हणाली. "तेका कोणी भिकारी म्हटला?"

"थंयची गोष्ट वेगळी."

"म्हणजे? थंय दुखणा वेगळा आसता?"

मी शाळेच्या वह्या तपासायला घेतल्या.

श्रावणात तिचा उजवा डोळा लाल झाला. ती दोन रात्री कण्हत होती. तिसऱ्या दिवशी मी सरपंचाकडे गेलो. तो उठला, स्वतःची खुर्ची मला दिली आणि उभ्यानेच सही केली. "आवशीक आधी न्हेवचा होता, मास्तर," तो म्हणाला. "कागद काय, मगे पण गावलो असतो."

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डोळा पाहिला. मोतीबिंदू आत फुटला होता. उजवा डोळा गेला होता, डावा वाचण्यासारखा होता.

"इतके दिवस का थांबलात?" त्यांनी मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत आईने आपल्या मोडक्यातोडक्या पुस्तकी मराठीत उत्तर दिलं. "पावसामुळे खाडीची होडी बंद होती, डॉक्टर."

होडी एक दिवसही बंद नव्हती. त्याच होडीतून मी रोज शाळेत जात होतो.